शाळेच्या ग्रंथालयात मुले थांबून पाहतील असे पुस्तकांचे प्रदर्शन कमी खर्चात कसे सजवावे?

सजावटीचा विचार नंतर करावा. मांडलेले पुस्तक मुलाला त्याच दिवशी घरी नेता येणार नसेल, तर ते प्रदर्शन मांडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत ग्रंथपाल असताना नागपंचमीच्या तोंडावर सापांवरील पुस्तके मांडली होती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या विषारी सापांची पाने उघडी ठेवली आणि धामणीच्या चित्राशेजारी पुठ्ठ्यावर एवढेच लिहिले: ‘धामण म्हशीचे दूध पिते, हे खरे का? पुस्तकात शोधा.’ बहुतेक मुलांच्या घरी गोठा असल्यामुळे मधल्या सुट्टीत टेबलाभोवती जोरात वाद रंगला. सापाला दूध ओढून पिता येत नाही, हे वाचल्यावर सातवीतल्या एका मुलाने ते पुस्तक आजीला दाखवायला मागितले. देवघेव नोंदवहीत त्याचे नाव तोवर कधीच आले नव्हते. मी रीतसर नोंद करून पुस्तक दिले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना टेबलावरची मोकळी जागा खटकली. अधिकाऱ्यांची भेट होईपर्यंत मांडणी हलता कामा नये, असे सांगून त्यांनी उरलेली पुस्तके काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावायला सांगितले. मुले काही दिवस काचेतून डोकावली आणि मग फिरकेनाशी झाली.

‘पुस्तक हरवले तर जबाबदार कोण?’ हा त्यांचा प्रश्न होता आणि तो मला आजही पटत नाही. पुस्तके उपयोगासाठी आहेत, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेला पहिलाच नियम आहे. त्यांच्या जन्मदिनी, 12 ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो आणि त्याच शाळेत किल्ली कार्यालयात जमा असते. 2015 पासून 15 ऑक्टोबरला होणाऱ्या वाचन प्रेरणा दिनाचेही अनेक ठिकाणी असेच होते: डॉ. कलाम यांच्या प्रतिमेला हार, मागे पुस्तकांची रास, छायाचित्र आणि संध्याकाळी सगळे परत कपाटात.

तेव्हा खर्चाचे म्हणाल, तर पुठ्ठा आणि जाड पेन पुरेसे आहे. पुस्तकाचा कणा नव्हे, मुखपृष्ठ समोर ठेवा. टेबल पाचवीच्या मुलाच्या उंचीचे घ्या. विषय मुलांच्या घरात बोलला जाणारा निवडा. आणि गेलेल्या पुस्तकाच्या जागी त्याच विषयाचे दुसरे लगेच ठेवा. मात्र त्याआधी मुख्याध्यापकांकडून दोन गोष्टी लेखी घ्या: प्रदर्शनातील पुस्तके घरी दिली जातील आणि नेहमीच्या वापरात हरवलेल्या पुस्तकाची भरपाई ग्रंथपालाच्या पगारातून होणार नाही. शब्दकोश, ज्ञानकोशाचे खंड किंवा पुन्हा न मिळणारी जुनी प्रत घरी देऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण तीही टेबलावरच ठेवावी आणि मुलांना हाताळू द्यावी.