पैठणीचा रंग आणि मुलाचं खूळ

प्रश्न : आमचं येवल्यात पैठणीचं दुकान आहे. मुलगा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वेबसाइटवर टाकायचे साड्यांचे फोटो लहान करणारा पायथनचा प्रोग्रॅम त्याने लिहिला. फोनवर लालभडक दिसणारी पैठणी वेबसाइटवर फिकी दिसते, म्हणून महिनाभर त्याच्याच मागे आहे. गणिताचं पुस्तक उघडत नाही. त्याला डेटा सायन्सच्या महागड्या क्लासला घालू का?
– एक पालक

उत्तर : नमस्कार. क्लासची फी तूर्त भरू नका. मुलगा ज्याच्या मागे लागलाय ते खूळ नाही, चांगलं कठीण काम आहे.

वेबवर नेहमी चालणारा रंगपट, म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांचा आवाका, एसआरजीबी. बरेच फोन हल्ली त्याहून मोठ्या रंगपटात, डिस्प्ले पी-थ्रीमध्ये, फोटो काढतात. आयफोनमध्ये हे २०१६ साली, आयफोन ७ पासून आलं. फोटोत प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यांत साठवलेला असतो, आणि ते आकडे कोणत्या रंगपटातले आहेत हे सांगणारी आयसीसी प्रोफाइल फाइलीतच असते. त्याने पिलो, म्हणजे पायथनमधली फोटो हाताळायची तयार लायब्ररी, वापरली असणार. जेपेग या नेहमीच्या फोटो-प्रकारात सेव्ह करताना आपण मुद्दाम दिली नाही तर पिलो ती प्रोफाइल लिहीतच नाही. पीएनजी या दुसऱ्या प्रकारात मात्र आपणहून लिहिते, त्यामुळे पोरं आणखी गोंधळतात. प्रोफाइल गेली की ब्राउझर तेच आकडे एसआरजीबीचे समजून दाखवतो आणि तुमचा लाल उतरतो.

त्याला सांगा, सेव्ह करण्याआधी पिलोतल्याच इमेजसीएमएस मॉड्यूलने रंग एसआरजीबीत बदलून घे. नुसत्या ‘कन्व्हर्ट’ या आज्ञेने भागत नाही, ते प्रोफाइलकडे बघत नाही. एवढं करूनही एसआरजीबीत न मावणारा एखादा गडद लाल थोडा दबेलच. त्याला इलाज नाही.

काठावरचे मोर पुसट होत असतील तर कारण निराळं. पिलोची जेपेग क्वालिटी सांगितल्याशिवाय ७५ असते आणि सबसॅम्पलिंग, म्हणजे रंगाच्या माहितीतली काटछाट, ४:२:० असते. त्यात रंगाची माहिती उभी-आडवी निम्मी, एकूण पावच उरते. माणसांच्या फोटोत हे खपून जातं. लाल कापडावरच्या बारीक जरीत खपत नाही. सबसॅम्पलिंग शून्य, म्हणजे काटछाट बंद, आणि क्वालिटी ८५ ते ९० ठेवून बघू दे. ९५च्या वर जाऊ नये, फाइल नुसती फुगते.

आता नोकरीचं. ‘इमेज कॉम्प्रेशन’ अशा नावाने जाहिराती फारशा निघत नाहीत. हे काम दुसऱ्या नावांखाली असतं : खरेदीच्या साइटवरचे फोटो हाताळणारी टीम, फोनच्या कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर, छपाईपूर्व प्रक्रिया, वैद्यकीय स्कॅन. कॅमेऱ्याचं बरंचसं काम बेंगळुरू-हैदराबादला चालतं. तिथे नुसत्या पायथनवर निभाव लागत नाही, सी आणि सी++ पक्कं लागतं. पिलोचा गाभासुद्धा सीमध्येच आहे.

गणित सोडणं मात्र परवडणार नाही. जेपेग फोटोचे ८×८ ठिपक्यांचे चौकोन पाडून त्यांवर डीसीटी (डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म) हे गणित चालवतं. ते बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ साली मांडलं. लिनिअर अल्जिब्रा, म्हणजे मॅट्रिक्सचं गणित, आल्याशिवाय ते कळत नाही, आणि मुलगा नेमकं तेच पुस्तक उघडत नाहीये! डीसीटी हाताने लिहून बघ म्हणावं, पुस्तक आपोआप उघडेल. पुढे एमसीए किंवा एमएस्सी करावीच. निव्वळ बीएस्सीवर या कामात शिरकाव अवघड जातो.

त्याने शोधलेला दोष, आधीचा-नंतरचा फोटो आणि दुरुस्तीचा कोड असं सगळं गिटहबवर, म्हणजे कोड सर्वांना दिसेल असा ठेवायच्या साइटवर, नीट मांडून ठेवू दे. मुलाखतीत क्लासच्या सर्टिफिकेटपेक्षा त्याचंच बोलणं जास्त होईल.

तुम्हीही एक करा. चार साड्या दिवसाच्या उजेडात बाहेर काढून त्याच्या फोटोंशी ताडून बघा. रंगाची पारख तुमची आहे, त्याची अजून नाही. फक्त दुकानातल्या जुन्या मॉनिटरवर ताडू नका, तो स्वतःच फिका असायचा.