पुतळ्याच्या गळ्यात मफलर

वाचक विचारतात

प्रश्न : ताई, माझा मुलगा नोकरीसाठी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला असतो. गेल्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदाच त्याच्याकडे गेले होते. एका रविवारी तो मला तिथलं फुटबॉलचं स्टेडियम दाखवायला घेऊन गेला. बाहेर एका वयस्कर माणसाचा ब्राँझचा पुतळा आहे. पायाशी फुलं होती आणि कुणीतरी गळ्यात काळा-पांढरा मफलर घालून गेलं होतं. मुलगा तिथे काही न बोलता उभा राहिला. 'हे कोण?' विचारलं, तर म्हणाला, 'सर बॉबी.' हे गृहस्थ म्हणजे तिथल्या न्यूकॅसल युनायटेड क्लबचे एके काळचे मॅनेजर (संघाचे मुख्य प्रशिक्षक) बॉबी रॉब्सन. २००९ साली वारले. तेव्हा माझा मुलगा शाळेत होता, न्यूकॅसल त्याने नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं. आणि घरी आल्यावर कळलं की त्यांना क्लबनेच काढून टाकलं होतं! आधी घालवायचं आणि मग पुतळा उभारायचा? मुलगा म्हणतो, 'आई, तुला नाही कळणार.' मला कळून घ्यायचंय. – एक आई

उत्तर : मुलाचं बोलणं मनावर घेऊ नका. १९९८ ते २०१० मी त्याच शहरात राहिले, आणि पहिलं वर्षभर मलाही काही कळत नव्हतं. शिकवलं ते शेजारच्या आजोबांनी. आमची घरं भिंतीला भिंत लागून. आजोबा एकटे होते, उभा जन्म जहाजबांधणीच्या कारखान्यात गेलेला. शनिवारी संध्याकाळी त्यांनी दार कसं लावलं, यावरून सामन्याचं काय झालं ते मला स्वयंपाकघरात समजायचं.

१९९९च्या ऑगस्टमध्ये ते दार फार जोरात आपटत होतं. न्यूकॅसल युनायटेडने सीझनमधला एकही सामना जिंकला नव्हता. भर पावसात, घरच्या मैदानावर, संडरलंडकडून हरले होते. (संडरलंड म्हणजे शेजारचं गाव आणि सात पिढ्यांचं वैर. तुमच्या मुलासमोर त्या गावाचं कौतुक करू नका.) मॅनेजर गेला आणि सप्टेंबरमध्ये बॉबी रॉब्सन आले. वय ६६. त्यांच्या हाताखालचा घरचा पहिला सामना शेफील्ड वेन्सडेशी होता. न्यूकॅसल ८-० जिंकलं, त्यातले पाच गोल एकट्या अ‍ॅलन शिअररचे. त्या संध्याकाळी शेजारचं दार मुळी लागलंच नाही. आजोबा उंबऱ्यात उभे राहून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला आकडा सांगत होते, मलाही दोनदा सांगितला.

पण ८-० हे काही कारण नव्हे. बॉबींचा जन्म १९३३चा, डरम परगण्यातला. वाढले लँगली पार्क या कोळशाच्या खाणीच्या गावात. वडील खाणकामगार. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि हेही खाणीत इलेक्ट्रिशियनचे उमेदवार म्हणून लागले. लहानपणी वडिलांचा हात धरून याच स्टेडियममध्ये यायचे, न्यूकॅसलच्या जॅकी मिलबर्नचा खेळ बघायला. मग फुलम आणि वेस्ट ब्रॉमकडून खेळले, इंग्लंडकडून वीस सामने. पुढे मॅनेजर म्हणून इप्सविच (इंग्लंडमधलाच एक क्लब), आठ वर्षं इंग्लंडचा संघ, हॉलंड, पोर्तुगाल, बार्सिलोना अशी अर्धी दुनिया पालथी घातली. एवढं करून साठी उलटल्यावर घरी आले ते क्लब तळाला असताना. बोलणं तिथल्याच हेलाचं. आजोबा म्हणायचे, 'हा माणूस मॅनेजर झाला नसता, तर माझ्या शेजारच्या सीटवर असता.' मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

शिवाय माणूस मजेशीर. नावं लक्षात राहायची नाहीत. शोला अमिओबी नावाच्या पोरसवदा खेळाडूला पत्रकाराने विचारलं, तुला काही टोपणनाव आहे का? नाही, म्हणाला. मग बॉबी तुला काय हाक मारतात? 'कार्ल कोर्ट.' कार्ल कोर्ट हा त्याच संघातला दुसराच खेळाडू! हा किस्सा आजोबा दर महिन्याला नव्याने सांगायचे आणि मी दर महिन्याला हसायचे.

आता काढून टाकण्याबद्दल. त्यांच्या हाताखाली क्लब २००२ साली लीगमध्ये चौथा आला, २००३ला तिसरा, २००४ला पाचवा. पुढच्या सीझनचे चार सामने झाले, त्यात विजय नव्हता, आणि ३० ऑगस्ट २००४ला, सुट्टीच्या सोमवारी, ७१ वर्षांच्या सर बॉबींना निरोप दिला गेला. निरोप कसला! निरोपाचा सामना नाही, मैदानाला फेरी नाही, काही नाही. पाचव्या नंबरावर नाराज होणारे प्रेक्षकही होतेच. आजोबांनी स्वतः माझ्याजवळ कबूल केलं की त्या वसंतात त्यांनीही तोंडसुख घेतलं होतं. ते त्यांना फार लागून राहिलं होतं. पुढच्या वर्षी शहराने सर बॉबींना मानद नागरिकत्व दिलं, पण ते महापालिकेचं झालं. स्टँडमध्ये बसणाऱ्यांचं देणं तसंच राहिलं.

कॅन्सर त्यांच्या मागे १९९२पासून होता. पाचव्यांदा उलटला तेव्हा उपाय उरला नाही असं सांगितलं गेलं. तेव्हा २००८मध्ये त्यांनी पत्नी एल्सी यांच्यासह फाउंडेशन काढलं. न्यूकॅसलच्या फ्रीमन हॉस्पिटलमध्ये कॅन्सरच्या नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी केंद्र उभारायचं, त्याला पाच लाख पौंड हवे होते. सात आठवड्यांत जमले. आमच्या रस्त्यावरही डबा फिरला. आजोबांनी त्यात काय टाकलं ते दाखवलं नाही, पण त्या आठवड्यात ते पबमध्ये गेले नाहीत.

२६ जुलै २००९, रविवार. १९९०च्या विश्वचषकात बॉबींच्या इंग्लंडला पश्चिम जर्मनीने उपान्त्य फेरीत पेनल्टींवर हरवलं होतं. त्या सामन्याची आठवण म्हणून दोन्हीकडचे जुने खेळाडू न्यूकॅसलला फाउंडेशनसाठी खेळायला आले. आजोबांनी मला बरोबर नेलं. तीस हजारांहून जास्त माणसं. सर बॉबींना व्हीलचेअरवरून मैदानात आणलं. आमच्या जागेवरून फक्त एक लहानशी आकृती दिसत होती. नाताळच्या एका गाण्याच्या चालीवर त्यांचं नाव घालून लोक जुन्या दिवसांत म्हणायचे, तेच पुन्हा सुरू झालं. या वेळी इंग्लंड ३-२ने जिंकलं, शेवटचा गोल शिअररचा, तोही पेनल्टीवर. पाच वर्षं राहून गेलेला निरोप त्या दिवशी झाला.

पाच दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, बातमी आली. वय ७६.

आजोबांनी बेल वाजवली. कोट घातलेला, हातात मफलर, जुलै महिन्यात. 'चलतेस?' एवढंच म्हणाले. स्टेडियमच्या लीझेस बाजूचा स्टँड लोकांसाठी उघडला होता. खुर्च्यांवर शर्ट, मफलर, फुलं, पोरांनी खडूने काढलेली चित्रं. काळं-पांढरं सगळीकडे होतंच, पण मध्येमध्ये इतर क्लबांचे रंगही होते. संडरलंडचा लाल-पांढरासुद्धा. आजोबा त्याच्यापाशी थांबले, वाऱ्याने दुमडलेली बाही त्यांनी सरळ केली आणि पुढे गेले. बारा वर्षांत त्यांनी संडरलंडच्या कुठल्याही वस्तूला हात लावलेला मी पाहिला तो तेवढाच. आपला मफलर त्यांनी एका खुर्चीला दोन गाठी मारून बांधला. घरी येताना मेट्रोत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'त्या वसंतात मी ओरडायला नको होतं.'

पुतळा २०१२चा, मी परतल्यानंतरचा. काढणारं मंडळ वेगळं आणि मफलर घालणारे हात वेगळे, एवढं धरून चला. तुमच्या मुलाने त्यांना पाहिलं नाही हे खरं, पण ऑफिसात, बसमध्ये, पबमध्ये त्याला त्या शहराने असेच कुणीतरी आजोबा दिले असणार. पुढच्या वेळी त्याला कार्ल कोर्टचा किस्सा विचारा. माझ्याहून चांगला सांगेल.

प्रश्न : भावना बाजूला ठेवून सांगा. रॉब्सन यांनी न्यूकॅसलला एकही करंडक जिंकून दिला नाही. इप्सविचला दोन दिले. मग शोक करण्याचा पहिला हक्क कोणाचा? – आकडेवारीवाला

उत्तर : आकडे बरोबर आहेत. इप्सविचला १९७८चा एफए कप आणि १९८१चा युएफा कप, तेही तेरा वर्षांत बाहेरून जेमतेम चौदा खेळाडू विकत घेऊन. इप्सविचकरांनी त्यांचा पुतळा २००२मध्येच उभारला, म्हणजे हयातीत, आणि या बाबतीत ते न्यूकॅसलपेक्षा शहाणे निघाले हे मी मान्य करते. सर बॉबी गेल्यावर तिथल्या एका स्टँडला त्यांचं नावही मिळालं. पण हक्काची वाटणी कशाला? २००९च्या त्या उन्हाळ्यात न्यूकॅसल नुकतंच खालच्या लीगमध्ये घसरलं होतं. त्यामुळे सप्टेंबरमध्ये दोन्ही क्लब एकमेकांसमोर आले, इप्सविचच्या मैदानावर. सामना न्यूकॅसलने ४-०ने जिंकला. आकडे हवेत म्हणून सांगितलं. आजोबा म्हणाले, 'आज बरोबरी झाली असती तरी चाललं असतं.' हेही मी बारा वर्षांत एकदाच ऐकलं.

प्रश्न : जुना मॅनेजर किंवा खेळाडू वारला की इंग्लंडच्या मैदानांवर कधी मिनिटभर शांतता असते, कधी चक्क टाळ्या वाजतात. मृत्यूला टाळ्या? आमच्या घरी यावरून वाद झाला. – एक वाचक, वय १६

उत्तर : पूर्वी शांतताच असायची. पण हजारोंच्या गर्दीत एकाने जरी शिट्टी मारली की ती शांतता मोडते, आणि समोरच्या क्लबचे काही टवाळ मुद्दाम मोडायचे. टाळ्यांमध्ये टवाळी बुडून जाते. टाळ्या रूढ होण्याचं हे एक व्यवहारी कारण. दुसरं असं, की भरपूर जगून, भरपूर खेळ दाखवून गेलेल्या माणसाला मैदानाने जे आयुष्यभर दिलं तेच शेवटी द्यावं, असं लोकांना वाटतं. अपघात झाला, कुणी अकाली गेलं, किंवा नोव्हेंबरात युद्धात पडलेल्यांचं स्मरण असलं, तर अजून शांतताच पाळतात. घरच्या वादात मी तुझ्या बाजूने की विरुद्ध ते तू लिहिलंच नाहीस. आजोबा मात्र शांततावाले होते. सगळे टाळ्या वाजवत असले तरी ते टोपी हातात घेऊन नुसते उभे राहायचे, आणि मिनिट संपल्यावर रेफ्रीच्या नावाने सुरू करायचे.