तीन ब्राउझर आणि बुकमार्कची एकच यादी

प्रश्न : मी भाषांतराचं काम करते. संदर्भासाठी जपलेल्या लिंक दोन हजारांच्या वर गेल्या आहेत. ऑफिसात फायरफॉक्स आहे, घरच्या लॅपटॉपवर आणि अँड्रॉइड फोनवर क्रोम. नंतर वाचायचे लेख मी ज्या सेवेत टाकत होते ती बंद झाली. तिथून उतरवून घेतलेली फाइल तशीच पडून आहे. सगळं एका जागी राहील आणि तिन्हीकडे दिसेल असं काही आहे का? आणि तेही उद्या बंद पडलं तर?
– एक वाचक

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. सेवा बंद पडतात, लोकांच्या आवडत्या असल्या तरी पडतात. 2003 साली सुरू झालेल्या डिलिशस या बुकमार्क जपायच्या साइटने लिंकना टॅग, म्हणजे विषयाची चिठ्ठी, लावायची सवय कितीतरी लोकांना लावली. 2005 मध्ये ते याहूकडे गेलं, पुढे मालक बदलत राहिले आणि 2017 मध्ये पिनबोर्ड या दुसऱ्या बुकमार्क सेवेने ते विकत घेतलं. वेगवेगळ्या ब्राउझरांमधले बुकमार्क जुळवणारं एक्समार्क्स 2018 च्या मेमध्ये थांबलं. गूगल बुकमार्क्स 2021 मध्ये गेलं, नंतर वाचायचे लेख जपणारं मोझिलाचं पॉकेट 2025 च्या जुलैमध्ये. म्हणून नवी सोय पारखताना मी सर्वांत आधी एवढंच बघतो की आपला माल तिथून बाहेर काढता येतो का.

तेव्हा काहीही निवडण्याआधी दोन्ही संगणकांवरून बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून घ्या, म्हणजे बाहेर उतरवून ठेवा. हा साचा नेटस्केपच्या काळापासून चालत आलाय आणि आजही जवळजवळ प्रत्येक ब्राउझरला आणि बुकमार्क सेवेला वाचता येतो. फाइलच्या नावात तारीख घाला आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे तिन्हीकडे एकच ब्राउझर वापरून त्याचंच सिंक, म्हणजे सगळीकडची यादी आपोआप सारखी ठेवायची सोय, चालू करणं. फायरफॉक्सच्या सिंकमधला मजकूर तुमच्या यंत्रावरच कूटबद्ध होतो, म्हणजे इतरांना वाचता येत नाही. क्रोममध्ये त्यासाठी वेगळा पासफ्रेज (लांबलचक पासवर्ड) ठेवायची सोय आहे. पण ऑफिसच्या संगणकावर आपलं खासगी खातं उघडून ठेवणं मला पटत नाही. शिवाय दोन हजार संदर्भ फोल्डरांच्या उतरंडीत शोधत बसणं हे तुमच्या कामाचं नाही.

तुमच्यासाठी मी रेनड्रॉप ही बुकमार्क सेवा निवडेन. ते कुठल्याही ब्राउझरमध्ये साध्या वेबसाइटसारखं उघडतं, त्यामुळे ऑफिसात एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकायची परवानगी नसली तरी अडत नाही. फोनवर ‘शेअर’ दाबून लिंक थेट त्यात जाते. मोफत खात्यात बुकमार्कच्या संख्येला मर्यादा नाही, तुमची जुनी फाइल आत घेता येते, आणि हवं तेव्हा सगळं बाहेरही काढता येतं.

बुकमार्क ब्राउझरच्या पट्टीवरच हवे असतील तर फ्लॉकस बघा. हे मुक्त स्रोत एक्स्टेंशन फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हींत चालतं, आणि यादी तुमच्या नेक्स्टक्लाउडवर (स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणाऱ्या फाइल साठ्यावर) किंवा गूगल ड्राइव्हवर ठेवतं. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन चालत नाहीत, त्यामुळे फोनवर त्याचं स्वतंत्र ॲप लागेल. फ्लॉकस लावलंत तर ब्राउझरचं स्वतःचं बुकमार्क सिंक बंद करा; दोन्ही एकदम चालू राहिली तर एकेक नोंद दुप्पट होण्याची भीती असते. स्वतःचा सर्व्हर सांभाळणारं कोणी जवळ असेल तर त्यावर चालणारं लिंकडिंग हे बुकमार्क सॉफ्टवेअरही उत्तम.

आता खरं काम, ते म्हणजे भरणी. ‘नंतर वाचू’ म्हणून टाकलेले लेख आणि कामाचे संदर्भ एकत्र ओतू नका, वेगळे गट करा. एकच पान दोनदा आलेलं दिसेल, कारण पत्त्याच्या शेवटी ‘यूटीएम’ने (utm) सुरू होणारं, वाचक कुठून आला ते मोजणारं शेपूट असतं; ते कापलं तरी पान उघडतं. टॅग मोजके ठेवा, विषयाचे. आणि नोंदीच्या रकान्यात, हे पान कोणत्या शब्दासाठी किंवा संज्ञेसाठी जपलं ते एका ओळीत लिहा. पानाचं शीर्षक सहा महिन्यांनी काहीच सांगत नाही, ती ओळ सांगते. सगळ्यांवर एकदम लिहू नका. जी लिंक कामासाठी उघडाल तिच्यावर लिहीत जा.

एक लक्षात असू द्या, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर चुकून फोल्डर पुसलं तर ते तिन्हीकडून पुसलं जातं. म्हणून महिन्याकाठी एक्स्पोर्ट चालूच ठेवा.

राहिली मेलेल्या लिंकची गोष्ट. प्यू रिसर्च सेंटरच्या 2024 च्या अभ्यासात 2013 मधली 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती, म्हणजे तुमच्या जुन्या यादीतही बरीच गळती निघेल. अशी लिंक पुसण्याआधी तिचा पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, टाकून बघा. बरेचदा जुनी प्रत सापडते, मग त्या प्रतीचाच पत्ता जपा. आज जिवंत असलेली महत्त्वाची पानंही तिथल्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये देऊन ठेवा. परिभाषा कोशांच्या पीडीएफ मात्र बुकमार्कवर सोडू नका, फाइलच उतरवून घ्या.