‘प्रोटोकॉलमध्ये नाही’ एवढंच उत्तर मिळतं तेव्हा

आधी फाईल टेबलावर आली, मग ते बसले. पंचेचाळिशीतले गृहस्थ, तीन-चार दिवसांची दाढी, डोळे तारवटलेले. फाईल मात्र नीटनेटकी, जागोजागी रंगीत चिठ्ठ्या लावलेली.

“मॅडम, मला समुपदेशन वगैरे नकोय. बायकोने पाठवलं म्हणून आलो. फक्त एवढं सांगा, डॉक्टरांशी कसं बोललं म्हणजे ते ऐकतील?”

त्यांच्या वडिलांचा आयसीयूतला तो नववा दिवस होता. वय ७४. न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि त्यातून सेप्सिस. संसर्गाशी लढता लढता शरीराचा तोल जातो आणि ते स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागतं, ती ही अवस्था. वडील व्हेंटिलेटरवर होते. मुलाचं म्हणणं असं, की त्यांना शिरेतून मोठ्या मात्रेत व्हिटॅमिन सी द्यावं. त्यांनी तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा एकच उत्तर आलं होतं: “आपल्या प्रोटोकॉलमध्ये नाही.” तिसऱ्यांदा तर डॉक्टर चालता चालताच बोलून गेले. नकारापेक्षा त्या ‘चालता चालता’चाच त्यांना जास्त राग होता, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

(ही हकिगत कुटुंबाच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

दवाखान्यात माणूस ठेवलेल्या कुटुंबांकडून हा प्रश्न मी अनेक वर्षं ऐकत आले आहे. कुणाला होमिओपॅथी सुरू करायची असते, कुणाला एखाद्या वनस्पतीचा अर्क द्यायचा असतो, कुणी रात्री दोन वाजता मोबाइलवर एखाद्या इंजेक्शनबद्दल वाचलेलं असतं. उपचार वेगवेगळे, पण भीती तीच. विचारलं तर डॉक्टर दुखावतील आणि त्याचा राग आपल्या माणसावर निघेल. नाही विचारलं आणि काही बरंवाईट झालं, तर ‘मी प्रयत्नच केला नाही’ हे जन्मभर सोबत राहील.

पहिल्या भेटीत मी चूक केली. मी वाद घालत बसले.

झालं असं, की ते ज्या अभ्यासाच्या भरवशावर बोलत होते तो मला माहीत होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेला, एका रुग्णालयातला. व्हिटॅमिन सी, हायड्रोकॉर्टिसोन (एक स्टेरॉइड) आणि थायमिन (व्हिटॅमिन बी१) असं एकत्र दिलेल्या ४७ रुग्णांची तुलना आधीच्या ४७ रुग्णांशी केलेली. आधीच्यांमध्ये दगावणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्के, नंतरच्यांमध्ये साडेआठ. आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या मुलाने हे आकडे वाचल्यावर त्याला झोप कशी लागावी? पण तुलना ‘आधीचे आणि नंतरचे’ अशी होती, औषध कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. त्यानंतर मोठ्या चाचण्या झाल्या. २०२२ साली आलेल्या चाचणीत सेप्सिसचे साडेआठशेहून जास्त रुग्ण होते. त्यात व्हिटॅमिन सी मिळालेल्यांपैकी ४४.५ टक्के रुग्ण २८ दिवसांच्या टप्प्यावर दगावलेले तरी होते किंवा त्यांचे अवयव अजून यंत्रांच्या आणि औषधांच्या आधारावर होते. ज्यांना ते मिळालं नव्हतं त्यांच्यात हेच प्रमाण ३८.५ टक्के. म्हणजे फायदा राहिला दूर, उलट नुकसानाकडेच कल.

हे सगळं मी त्यांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे फाईल उघडली, हिरवी चिठ्ठी लावलेलं पान काढलं आणि म्हणाले, “त्यात मात्रा वेगळी होती.” मग पिवळी चिठ्ठी. मग गुलाबी. आमची पाऊण तासाची भेट अशी चिठ्ठ्यांवरच संपली. मी डॉक्टर नाही आणि कुठला उपचार योग्य हे ठरवणं माझं काम नाही, हे मला ठाऊक असूनही माझा पाय घसरला. जाताना ते उभ्या उभ्या म्हणाले, “नऊ दिवस मी खुर्चीत बसून आहे. मला काहीच करता येत नाहीये.” माझ्या कामाचं वाक्य तेच होतं, आणि ते दाराशी आलं.

“घरात अजून कोण कोण आहे?” मी विचारलं. “आई आणि धाकटी बहीण.” म्हटलं, पुढच्या वेळी तिघं या.

दोन दिवसांनी तिघं आली. आई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, बस कधीही सुटेल अशा बेताने. मी फाईलचा विषय काढलाच नाही. त्यांना विचारलं, “तुमचे मिस्टर औषधांच्या बाबतीत कसे आहेत?”

आईंना हसू आलं, मला वाटतं कित्येक दिवसांनी. “अहो, साधी तापाची गोळी द्यायची तरी आधी पाकिटातला कागद वाचणार. डॉक्टरांना सांगायचे, आधी समजावून सांगा, मग टोचा.”

मुलगा मान खाली घालून ऐकत होता. मी त्यांना म्हटलं, “बाबांना बोलता आलं असतं तर त्यांनी व्हिटॅमिन सी मागितलं असतं का?” बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, “त्यांनी कारण मागितलं असतं.”

त्या दिवशी पुष्कळसं तिथेच सुटलं. रुग्णाच्या वतीने बोलणं आणि एखाद्या उपचाराच्या वतीने बोलणं या दोन गोष्टी थकलेल्या मनाला एकसारख्याच वाटतात. रुग्ण शुद्धीवर असेल तर सोपं असतं, त्यालाच विचारायचं, आणि त्याचं उत्तर आपल्याला आवडलं नाही तरी पुढे तेच न्यायचं. शुद्धीवर नसेल तर तो कसा माणूस होता हे आठवावं लागतं. हे वडील कारण विचारणारे होते. मग मुलानेही तेच करायचं.

पण तेवढ्यात बहीण रडायला लागली. पर्समधून तिने बोटाएवढी तपकिरी बाटली काढली. ओळखीच्या कुणीतरी दिलेला अर्क. भेटीच्या वेळेत, पडदा ओढलेला असताना, तिने दोनदा वडिलांच्या ओठांवर दोन-दोन थेंब लावले होते. बाटलीवर नाव होतं, आत काय आहे ते नव्हतं. दादाला माहीत नव्हतं, आईलाही नाही.

मी तिला रागावले नाही. घशात नळी असलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घातलं तर ते श्वासमार्गात उतरू शकतं, एवढं मात्र सांगितलं. आणि वनस्पतीचं म्हणजे निरुपद्रवी, असं नसतं. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर घेतली जाणारी वनस्पती. तिच्यामुळे रक्तातलं सायक्लोस्पोरिन, म्हणजे प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध, उतरलं आणि दोन रुग्णांच्या शरीराने प्रत्यारोपित हृदय नाकारायला सुरुवात केली, ही नोंद २००० सालची आहे. लसणाचे किंवा गिंको या झाडाचे अर्क रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर गेले तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. आयसीयूतल्या रुग्णाला एकाच वेळी दहा-बारा औषधं चालू असतात. त्यांत गुपचूप तेरावं शिरलं तर डॉक्टरांना फक्त परिणाम दिसतो, कारण कळत नाही.

“आता मी काय करू?” तिने विचारलं.

“आज संध्याकाळी सिस्टरना बाटली दाखवायची. जेवढं दिलंय तेवढं सांगायचं.”

“त्या ओरडतील.”

“ओरडतीलही. पण रुग्णाच्या कागदावर ते लागेल.”

तिने दाखवली. सिस्टर ओरडल्या नाहीत. दोन मिनिटं गप्प राहून त्यांनी बाटलीचा फोटो काढला, नोंद केली आणि डॉक्टरांना कळवलं. नुकसान काही झालेलं नव्हतं. पण याची भीती तिला सहा दिवस झोपू देत नव्हती, आणि भाऊ समजत होता की बहीण वडिलांच्या काळजीने खंगतेय.

निघण्याच्या बेतात असताना आईंनी हळूच विचारलं, “एक विचारू? त्यांच्या कानाला यंत्र घातलंय का हो तिथे?”

खोलीत कुणीच बोललं नाही. यंत्र घरी होतं, कपाटाच्या खणात. दाखल करायच्या रात्रीच्या गडबडीत राहून गेलेलं. आई अकरा दिवस हे मनात ठेवून होत्या, कारण एवढी मोठमोठी यंत्रं चालू असताना कानाच्या यंत्राचं काय विचारायचं, असं त्यांना वाटत होतं. इकडे गुंगीचं औषध रोज थोडं कमी करून डॉक्टर वडिलांना हाका मारत होते, ‘बोट दाबा’, ‘डोळे उघडा’. आणि कागदावर नोंद पडत होती की रुग्ण सूचना पाळत नाही.

कानाच्या यंत्रामुळे ते बरे झाले असं मी म्हणत नाही. पण आयसीयूत होणारा मतिभ्रम, म्हणजे डिलिरियम, टाळण्यासाठी जे औषधाविना उपाय सांगितले जातात त्यांत चष्मा आणि श्रवणयंत्र देणं, दिवस-रात्रीचं भान ठेवणं आणि ओळखीचा माणूस जवळ असणं हे सगळं येतं. संगीताचंही तसंच. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना स्वतःच्या आवडीचं संगीत हवं तेव्हा ऐकू दिलं, तर त्यांची अस्वस्थता कमी झाली आणि गुंगीचं औषधही कमी लागलं, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं. ‘आम्हाला काहीतरी करायचंय’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी आधी इकडे वळवते. शरीरात काही जाणार असेल, मग ते शिरेतून असो, नळीतून असो वा जिभेवर, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबभरही नाही. बाकी आवाज, स्पर्श, चष्मा यांसाठी सिस्टरना विचारा, बहुतेकदा हो म्हणतील.

‘सोबत’ आणि ‘ऐवजी’ यांतला फरकही इथेच बोलून टाकते, कारण दवाखान्याबाहेर तो जास्त महाग पडतो. शरीरभर न पसरलेला, बरा होऊ शकणारा कर्करोग असताना फक्त पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास २०१८ चा आहे. नेहमीचे उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांचा मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट निघाला. ‘सोबत’ असेल तर डॉक्टरांशी बसून बोलता येतं. ‘ऐवजी’ म्हणणारं कुटुंब समोर आलं की माझा तटस्थपणा जरा डळमळतो, हे कबूल करते.

तर, डॉक्टरांशी कसं बोलायचं? आम्ही चक्क तालीम केली. मी डॉक्टर झाले. पहिल्यांदा त्यांनी फाईल उघडली, मी म्हटलं, “पुन्हा.” फाईल घरीच ठेवायची असं ठरलं. राउंडच्या वेळी कॉरिडॉरमध्ये गाठायचं नाही. सिस्टरांमार्फत पंधरा-वीस मिनिटांची वेळ मागायची, बसून बोलायचं, कुटुंबातर्फे एकानेच बोलायचं आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचं. लिहिणं महत्त्वाचं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयसीयूतल्या डॉक्टरांशी बोलून बाहेर आलेल्या निम्म्याहून जास्त नातेवाइकांना आजार, उपचार किंवा पुढची शक्यता यांपैकी काहीतरी नीट समजलेलंच नव्हतं. त्यात त्यांचा दोष नाही, त्या खोलीत कुणाचंच डोकं ताळ्यावर नसतं. आणि पहिलं वाक्य आम्ही पाठ केलं: “बाबा नेहमी आधी कारण विचारतात. आज त्यांच्या वतीने मी विचारतोय. व्हिटॅमिन सी *त्यांना* का नको?”

भेट पंचवीस मिनिटं चालली. डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवले. वडिलांचं क्रिएटिनिन चढलेलं होतं, किडन्या ताणाखाली होत्या. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेचं शरीरात ऑक्झलेट बनतं आणि त्याचे स्फटिक किडनीत साचू शकतात. दुसरं म्हणजे, काही ग्लुकोमीटर अशा वेळी साखर असते त्यापेक्षा जास्त दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं गेलं, तर साखर धोकादायक उतरू शकते.

“किडन्यांचं मला कुणी सांगितलंच नव्हतं,” फोनवर ते मला म्हणाले. आवाज पडलेला होता, पण राग नव्हता. नकार तोच होता, पण आता त्यात त्यांचे वडील होते. ‘काय दिसलं तर तुम्ही उपचाराची दिशा बदलाल?’ हाही प्रश्न त्यांनी विचारला. तो माझ्या आवडीचा. त्यामुळे डॉक्टरांना पुढचे तीन दिवस डोळ्यांसमोर आणून बोलावं लागतं. बाहेरच्या एका तज्ज्ञाला कागदपत्रं दाखवू का, असंही विचारलं. डॉक्टर म्हणाले, “जरूर दाखवा, मी समरी तयार करून देतो.” सेकंड ओपिनियन मागितलं की डॉक्टर चिडतात असं लोक धरून चालतात. काही चिडतातही. तरीही मागावं.

कानाचं यंत्र त्याच दिवशी डबीत घालून, डबीवर नाव लिहून गेलं. दुसऱ्या दिवशी आईंनी कानाशी वाकून हाक मारली, तेव्हा वडिलांनी डोळे उघडले आणि मान किंचित हलवली. सिस्टरनी कागदावर तशी नोंद केली.

व्हेंटिलेटर निघायला आणखी आठवडा गेला. ते घरी गेले ते पंधरा किलो कमी होऊन, आधाराशिवाय उभं राहता न येणारे. बरं होण्याचा तो रस्ता लांबचा होता आणि त्यात मुलगा दोनदा माझ्याकडे आला, या वेळी स्वतःसाठी. झोपेत त्याला मॉनिटरचे आवाज ऐकू येत होते.

शेवटच्या भेटीत फाईल पुन्हा टेबलावर आली. “तुम्हाला काय वाटेल ठाऊक नाही,” ते म्हणाले, “पण व्हिटॅमिन सीचा थोडा तरी उपयोग झाला असता असं मला अजूनही वाटतं.” मी म्हटलं, वाटू दे. रंगीत चिठ्ठ्या तशाच होत्या. पहिल्या पानावर मात्र एक नवी पांढरी चिठ्ठी होती. तिच्यावर वडिलांची चालू औषधं लिहिलेली, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘कानाच्या यंत्राची बॅटरी – ३१२ नंबर. दोन जोड्या पिशवीत.’