मुलांसोबत बसून वाचता येतील अशी मोफत कॉमिक्स इंटरनेटवर कुठे मिळतील?

तुम्ही लिहिलंय की मुलगा आठ वर्षांचा आहे, घोडबंदर रोडला राहता, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि घरात सगळ्यांना मिळून वाचता येतील अशी फुकट कॉमिक्स हवीत, जाहिरातींचा आणि नको त्या चित्रांचा त्रास नसलेली. मी ठाण्यातच, चरईत राहते. लेक दहाची, धाकटा सहाचा. दोन वर्षांपूर्वी मीही हेच शोधत होते आणि सुरुवातीलाच फसले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तेव्हा मी नुसतं 'फ्री कॉमिक्स' असं शोधलं, पहिली दिसली ती साइट उघडली, फोन लेकीच्या हातात दिला आणि कुकर लावायला गेले. आपल्या लहानपणीची सगळी कॉमिक्स तिथे होती, कुणीतरी पानन् पान स्कॅन करून चढवलेली. तिसऱ्या पानावर तिने 'पुढे' दाबलं, पण ते बटण नव्हतंच, जाहिरात होती. पत्त्यांच्या जुगाराचं काहीतरी उघडलं, ते बंद करायला गेली तर दुसरी खिडकी उघडली, आणि त्यातलं चित्र तिने पाहिलं. ती काही बोलली नाही. फोन पालथा करून ओट्यावर ठेवला आणि बाहेर निघून गेली.

त्या रात्री मी त्या साइटकडे नीट पाहिलं. तिथलं एकही पान त्यांचं स्वतःचं नव्हतं. दुसऱ्याचा माल चोरून ठेवणाऱ्याला चांगल्या कंपन्यांच्या जाहिराती कुठून मिळणार? मिळतात त्या अशाच. तेव्हापासून काहीही उघडण्याआधी मी एकच गोष्ट तपासते: ज्याने हे काढलं, लिहिलं, छापलं, त्यानेच ते फुकट दिलंय का? किंवा ते इतकं जुनं आहे का, की त्यावर आता कुणाचाच हक्क उरलेला नाही? यातलं एक जरी खरं असेल, तर पान बहुतेक वेळा स्वच्छ असतं.

मराठीपासून सुरू करते, कारण मला तीच काळजी जास्त होती. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ २०१५ साली सुरू झालं. तिथे भाषा मराठी निवडायची, मग वाचनाची पातळी निवडायची. एक ते चार अशा पातळ्या आहेत. ही काटेकोर अर्थाने कॉमिक्स नाहीत, चित्रांची पुस्तकं आहेत, पण चित्रं इतकी बोलकी असतात की मुलं तो फरक करत नाहीत. पुस्तकं खुल्या परवान्याची आहेत, त्यामुळे पीडीएफ उतरवून छापली, वर्गात वाटली तरी चालतं. आम्ही काही पुस्तकं झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून घेतली, मधोमध दोन पिना मारल्या. ती आता धाकट्याच्या उशाशी असतात.

इथे एक अडचण तुम्हालाही येईल. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला मराठी वाचताना पहिल्या पातळीवरून सुरुवात करावी लागते, आणि आठ वर्षांच्या मुलाला ती 'बाळांची पुस्तकं' वाटतात. माझी लेक तर रुसूनच बसली. मग मी तिला वाचायला सांगणं बंद केलं आणि 'भावाला वाचून दाखव' असं सांगितलं. त्यात मोठेपणा होता, म्हणून ती तयार झाली. जोडाक्षरं अडली की धाकटा चित्रावर बोट ठेवून शब्द सुचवायचा. चारेक महिन्यांत ती तिसऱ्या पातळीवर गेली. तुमच्याकडे धाकटं भावंड नसेल तर आजी-आजोबांना ऐकवायला सांगा, चश्मा सापडत नाही असं त्यांना म्हणू द्या. आणि बऱ्याच गोष्टी तिथे इंग्रजीतही असतात, तर आधी इंग्रजीत वाचून मग तीच मराठीत वाचली की शब्द फार अडत नाहीत.

दुसरं, 'किशोर'. बालभारतीने हे मासिक १९७१ साली सुरू केलं, आणि अगदी सुरुवातीपासूनचे जुने अंक त्यांनी स्वतःच संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. 'किशोर ई-बालभारती' असं मराठीतच शोधा, सापडेल. हेही कॉमिक नव्हे, गोष्टी, कविता, कोडी, चित्रं असं सगळं आहे, पण कुटुंबाने एकत्र वाचायला याच्यासारखं दुसरं मला सापडलं नाही. मी चौथीत असतानाचा एक अंक उघडला आणि त्यातली चित्रं मला जशीच्या तशी ओळखता आली. बाबा महिन्याच्या शेवटी तो अंक आणायचे आणि आम्ही बहिणी आधी कोण वाचणार म्हणून भांडायचो. मुलांनी त्या रात्री माझ्या लहानपणाबद्दल जितकं विचारलं, तितकं एरवी कधी विचारलं नव्हतं. फाइल जड असते, वायफायवर उतरवून ठेवा आणि फोनऐवजी लॅपटॉपवर उघडा.

आता खरंखुरं कॉमिक, चौकटी आणि फुग्यांतल्या संवादांचं. आमच्या घरात पहिला नंबर 'पेपर अँड कॅरट'चा. डेव्हिड रेव्हॉय हा फ्रेंच चित्रकार २०१४ पासून ते काढतोय. पेपर ही छोटी चेटकीण, कॅरट हे तिचं केशरी मांजर, आणि तिचा प्रत्येक जादुई काढा कुठेतरी फसतो. जाहिरात एकही नाही, वाचक स्वखुशीने पैसे देतात त्यावर तो जगतो, आणि जगभरचे वाचकच भाषांतरं करतात. सुरुवातीचे भाग छोटे आहेत, शब्द अगदी कमी, त्यामुळे इंग्रजी न वाचणारी आजीही सोबत बसू शकते. आमच्या घरी पेपरची 'मिरी' झाली आणि मांजराचं 'गाजर'. संवाद आम्ही मनाने मराठीत बोलतो, मिरीचा आवाज लेक काढते.

जुन्यातलं सोनं म्हणजे विन्सर मॅके यांचं 'लिटल निमो'. १९०५ साली न्यूयॉर्क हेराल्डमध्ये सुरू झालं. दर आठवड्याला एक मुलगा स्वप्नात कुठल्या कुठे जातो आणि शेवटच्या चौकटीत स्वतःच्या पलंगावर जागा होतो. पलंगाला लांबलचक पाय फुटून तो शहरातल्या इमारतींवरून चालतो, ते पान आम्ही कितीदा पाहिलं असेल! हक्क संपलेत, विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रांच्या साइटवर मोठ्या आकारात बघता येतं. पण त्या काळच्या अमेरिकेने काळ्या माणसांची जी विटंबना चित्रांत चालवली होती, ती यातही आहे. म्हणून पान आधी स्वतः बघा, आणि तसं काही आलं तर टाळू नका, मुलाला समजावून सांगा.

'डिजिटल कॉमिक म्युझियम'वरही हक्क संपलेली जुनी अमेरिकन कॉमिक्स आहेत, पण तिथे मुलाला एकट्याला सोडू नका. १९५०च्या सुमाराची भीतिदायक आणि खुनाखुनीची कॉमिक्स त्यातच आहेत. त्यांच्यावरून तिकडे इतकी ओरड झाली की १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःवर नियमावली लावून घेतली.

मुलगा जरा मोठा झाला की नासाचं 'फर्स्ट वुमन' मिळालं तर द्या. चंद्रावर पाय ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रीची काल्पनिक गोष्ट, पहिला भाग २०२१ चा. नासाच्या साइटवर ते मोफत होतं, पण २०२५ मध्ये तिथून काढलं. आमच्या लेकीने पुठ्ठ्याचं हेल्मेट केलं ते यावरूनच. 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर सीबीएसईच्या शाळांनी एनसीईआरटीच्या धड्यांवर केलेली शंभरावर कॉमिक्सही आहेत, पण त्यांत धडा डोकावतो आणि मुलांना तो लगेच कळतो. परीक्षेच्या आधी बरी.

'गारफिल्ड', 'कॅल्व्हिन अँड हॉब्स' वगैरे रोज फुकट वाचता यायचं ते 'गोकॉमिक्स' २०२५ पासून वर्गणीवर गेलंय, म्हणून त्यावर वेळ घालवू नका. अमर चित्रकथा आणि टिंकल लॉकडाऊनमध्ये महिनाभर मोफत उघडी होती, त्यामुळे अजूनही लोक तसं सांगतात. ती आता विकत किंवा वर्गणी भरूनच. 'वेबटून'सारख्या ॲपवर मोठ्यांचं आणि लहानांचं शेजारी शेजारी असतं, तेव्हा आठ वर्षांच्या मुलाला ते नकोच.

आम्ही रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप टीव्हीला जोडतो आणि वीस मिनिटं वाचतो. टीव्हीवर चौकट मोठी दिसते, चौघांना एकदम वाचता येतं, आणि बोट चुकून भलतीकडे पडायचा प्रश्नच राहत नाही. केबल साधी एचडीएमआयची, स्टेशनजवळच्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात मिळेल.