सभा राहू दे, यादी हातात घे

अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढच्या लोकसभेला झटून काम करायचंय, सभांच्या नियोजनात घ्या, असं तू लिहिलंस. तुझी उमेद पाहून मनापासून आनंद झाला. तरीही सांगतो, सभेच्या मंडपापासून लांब राहा. तिथं माणसं पुष्कळ असतात. कमी पडतात ती यादी वाचणारी आणि बूथवर दिवसभर बसणारी माणसं, आणि निवडणूक खरी उभी असते ती त्यांच्यावर. भाषण कितीही रंगलं तरी यादीत नाव नसलेल्याचं मत पडत नाही.

आधी तारखांचं गणित पक्कं कर. लोकसभेची मुदत तिच्या पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं. आत्ताच्या लोकसभेची पहिली बैठक २४ जून २०२४ ला झाली. मध्येच विसर्जन झालं नाही, तर मुदत जून २०२९ मध्ये संपेल. मुदत संपायला सहा महिन्यांपेक्षा जास्त अवकाश असताना अधिसूचना, म्हणजे निवडणूक कायद्याने सुरू करणारा सरकारी आदेश, काढता येत नाही. म्हणजे डिसेंबर २०२८ च्या शेवटच्या आठवड्याआधी काही होणार नाही.

घोषणा वेगळी आणि अधिसूचना वेगळी, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. २०२४ ला आयोगाने १६ मार्चला पत्रकार परिषद घेतली आणि त्याच क्षणापासून देशभर आचारसंहिता लागली. आपल्या कोल्हापूरची अधिसूचना मात्र १२ एप्रिलला निघाली. अर्जाची शेवटची तारीख १९, छाननी २०, माघार २२ एप्रिल आणि मतदान ७ मे. हे टप्पे कुणाच्या मर्जीवर नाहीत, लोकप्रतिनिधित्व कायद्याने बांधून दिलेत. अधिसूचनेनंतर सातव्या दिवशी अर्ज बंद, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघार आणि माघारीनंतर चौदाव्या दिवसाच्या आत मतदान नाही. एखादी तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर ती पुढे सरकते, एवढंच. आता अपक्षाच्या बाजूने बघ. त्याला चिन्ह मिळालं २२ एप्रिलला आणि जाहीर प्रचार थांबला ५ मेच्या संध्याकाळी. दोन आठवडेसुद्धा हातात नसताना त्याने चिन्ह छापायचं कधी आणि वाड्या-वस्त्यांवर पोचवायचं कधी? मान्यताप्राप्त पक्षांना हा ताण नसतो, त्यांचं चिन्ह राखीव असतं.

टप्प्यांबद्दल तू विचारलंस. देशात त्या वेळी सात टप्पे झाले, १९ एप्रिल ते १ जून, आणि महाराष्ट्राच्या ४८ जागा पहिल्या पाच टप्प्यांत वाटल्या गेल्या. केंद्रीय सुरक्षा दलं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवावी लागतात, हे त्यामागचं मुख्य कारण. गडचिरोलीसाठी ते मला पटतं. पण त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेच्या २८८ जागांचं मतदान याच राज्याने एका दिवसात पार पाडलं. तेव्हा लोकसभेला पाच टप्पे कशाला, हा प्रश्न तुझ्या पिढीने विचारत राहावा, असं मला वाटतं. लांबलेल्या वेळापत्रकाची किंमत मोजावी लागते. आपली यंत्रं ७ मे ते ४ जून स्ट्राँगरूममध्ये पडून होती. शिवाय आपल्याकडे प्रचार थांबला तरी पुढच्या टप्प्यात मतदान असलेल्या मतदारसंघातलं भाषण आपल्या घरात टीव्हीवर चालूच राहतं. मतदारासाठी ठेवलेले शांततेचे ४८ तास त्यामुळे पातळ होतात.

आता यादी. नाव नोंदवायला पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण झाली का हे बघायची तारीख, होती. आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही आहेत, त्यामुळे अठरा पूर्ण झालेल्यांना वर्षभर ताटकळावं लागत नाही. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की मात्र यादी गोठते. मतदानाच्या दिवशी माझं नाव कुठं गेलं म्हणून भांडणाऱ्याला त्या दिवशी कुणीच काही देऊ शकत नाही. म्हणून तू आत्ताच आपल्या भागाची यादी घे आणि एकेका घरात बसून वाच. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या गावात असतं, तिचा पत्ता बदलायचा नमुना ८ भरून घे. कॉलेजात जाणाऱ्या पोरांचा नवं नाव नोंदवायचा नमुना ६ भर. ऊसतोडीला किंवा मुंबईला गेलेल्यांची नावं स्थलांतरित म्हणून उडाली नाहीत ना, हे त्यांच्या घरच्यांना विचार. बीएलओशी, म्हणजे आपल्या बूथची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याशी, बोलणं ठेव. ती बहुतेक अंगणवाडी सेविका किंवा शिक्षिका असते, तिच्या डोक्यावर आधीच कामं खूप असतात, तेव्हा तिच्याशी अदबीने वाग. आणि हे काम करताना कोण कुणाला मत देणार, हे मनात आणू नकोस. विरोधकाच्या घरातलं सुटलेलं नावही तूच भरून दे. मी माझ्या कार्यकर्त्यांना नेहमी हेच सांगत आलो.

प्रचाराचं थोडक्यात सांगतो. प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता हवंच, नसेल तर तो गुन्हा आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. २०२४ ला महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची खर्चमर्यादा होती. अर्ज भरल्या दिवसापासून निकालापर्यंतचा प्रत्येक चहा त्यात धरला जातो आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. ही पळवाट बुजवायला हवी, असं माझं ठाम मत आहे. शेवटच्या दोन रात्री कुणी तुझ्या हातात पाकिटं वाटायला दिली, तर तिथूनच माघारी फीर. देणारा आणि घेणारा दोघेही कायद्याने गुन्हेगार ठरतात, आणि ज्याला तू पाकीट देशील त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून पुढची पाच वर्षं तुला बोलता येणार नाही.

मतदानाच्या दिवशी मतदान प्रतिनिधी म्हणून बसायचं असेल तर नमुना १० वर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही हवी. मतदान सातला सुरू होतं, पण तू साडेपाचच्या आत केंद्रावर पोच. अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, नव्वद मिनिटं आधी सुरू होतं आणि तीच वेळ सगळ्यात महत्त्वाची. किमान पन्नास मतं टाकली जातात, नोटासकट प्रत्येक बटण दाबलं जातं. कंट्रोल युनिटवरचा, म्हणजे मतं साठवणाऱ्या यंत्रावरचा, निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या तुमच्यासमोर ताडून दाखवतात. त्यानंतर केंद्राध्यक्षांनी चाचणीची मतं पुसणारं क्लिअर बटण दाबलं का, पडद्यावर एकूण मतं शून्य आली का, आणि चाचणीच्या चिठ्ठ्या व्हीव्हीपॅटमधून काढून काळ्या लिफाफ्यात बंद झाल्या का, हे तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ. त्याशिवाय अभिरूप मतदानाच्या प्रमाणपत्रावर सही करू नकोस. कंट्रोल युनिटचा आणि त्याला लावलेल्या हिरव्या कागदी मोहोरेचा क्रमांक वहीत उतरवून ठेव.

दिवसभर तुझं काम ऐकायचं आणि बघायचं. अधिकारी क्रमांक एक नाव मोठ्याने वाचतो, तू यादीत शोध. तोतया मतदार वाटला तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. पण ओळखपत्रावर गंगूबाई आणि यादीत गंगाबाई, एवढ्यावरून म्हातारीला अडवू नकोस. अशा किरकोळ चुका सोडून द्यायच्या असतात, आणि बाईचं मत वाया घालवून आपल्याला काय मिळणार? संध्याकाळी सहाला रांग उरली असेल तर केंद्राध्यक्ष शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे चिठ्ठ्या वाटतात. चिठ्ठी मिळालेल्या प्रत्येकाला मत टाकता येतं, मग आठ वाजोत की दहा.

मतदान संपवणारं क्लोज बटण दाबलं की लगबग सुरू होते. सगळे थकलेले, एसटी दारात उभी, कर्मचाऱ्यांना साहित्य जमा करायची घाई. तू मात्र नमुना १७-सी ची प्रत घेतल्याशिवाय उठू नकोस. या यंत्रात किती मतं पडली, याचा तो हिशेब, आणि त्याची साक्षांकित प्रत प्रतिनिधीला देणं केंद्राध्यक्षांवर बंधनकारक आहे. २०२४ च्या मे महिन्यात मतांचे नेमके आकडे जाहीर करावेत की नाही, यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, तो याच कागदावरून. मोजणीच्या दिवशी टेबलावर यंत्र आलं की आपला प्रतिनिधी त्याचा क्रमांक आणि एकूण मतं त्या प्रतीशी ताडतो. आकडा जुळला नाही तर तिथंच, निकाल जाहीर व्हायच्या आत, लेखी हरकत द्यायची. ज्या बूथवरची प्रत आपल्याकडे नसते, तिथं आपल्याला तोंडच उघडता येत नाही.

तेव्हा प्रत खिशात घडी करून ठेवू नकोस. त्याच रात्री फोटो काढ, मूळ कागद उमेदवाराच्या कार्यालयात दे आणि पोच घे.

बाकी भेटीअंती.

तुझा,
काका