जी.७२९ ला अजून रॉयल्टी द्यावी लागते का?

प्रश्न: ऑफिसच्या आयपी फोनवर जी.७२९ कोडेक (आवाज दाबून कमी डेटात पाठवायची पद्धत) हवाय, पण व्हेंडर म्हणतो दर चॅनलमागे, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या दर कॉलमागे, पेटंटचे पैसे भरा. खरंय का?

उत्तर: पूर्वी खरं होतं, आता नाही. सेकंदाला ६४ किलोबिट डेटा लागणारा आवाज ८ किलोबिटवर आणणारं हे १९९६ चं स्टँडर्ड, पेटंट्स अनेकांची, त्यात कॅनडाचं शेरब्रुक विद्यापीठही, आणि सिप्रो लॅब सगळ्यांच्या वतीने लायसन्स द्यायची, त्यामुळे ॲस्टेरिस्कसारखं फोन एक्स्चेंजचं फुकट सॉफ्टवेअर वापरणाऱ्यालाही कोडेकचे वेगळे पैसे मोजावे लागायचे, छोट्या धंदेवाल्यांवर तर हा सरळ अन्यायच होता. पण २०१७ सुरू होईपर्यंत त्यातल्या बहुतेक पेटंट्सची मुदत संपली. व्हेंडर स्वतःच्या सॉफ्टवेअरचे पैसे मागत असेल तर गोष्ट वेगळी, पण मग बिलात तसं लिहून घ्या. नवीन सिस्टीम घेणार असाल तर २०१२ चा ओपस हा कोडेक बघाच, रॉयल्टी नाही आणि आवाजही कितीतरी स्वच्छ.